राळ कोणाची, धूप कोणाचा?



वर्षावासात टोकावडे परिसरातल्या एका वस्तीवर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. वंदना झाली, मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली. वाचन सुरू करणार एवढ्यात कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारले, "दादा, आपण देव सोडले, आरती सोडली, नवस सोडले. मग ही अगरबत्ती कशाला?" पाच-दहा जणांनी एकमेकांकडे पाहिले. मागून एक आजी म्हणाल्या, "आरं, मच्छर जातात त्याच्यानं!" सगळे हसले आणि वाचन सुरू झाले.

आम्हाला मात्र तो प्रश्न सोडवेना. मुलाचा प्रश्न बरोबर होता आणि आजींचे उत्तरही अगदीच चुकीचे नव्हते. पुढे काही महिने आम्ही या धुराच्या मागे लागलो. हा वास येतो कुठून, तो गोळा कोण करते, विकते कोण, जाळते कोण, आणि ज्याने गोळा केला त्याला काय मिळते? शोधता शोधता आम्ही थेट जंगलाच्या कायद्यापर्यंत आणि आमच्याच वस्तीच्या जमिनीपर्यंत येऊन पोचलो. म्हणून हा लेख.

झाडाची जखम

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. झाडाच्या सालीला जखम झाली की काही झाडे त्यातून चीक सोडतात. तो जखमेवर सुकतो, कीड आणि बुरशी आत जाऊ देत नाही. म्हणजे ज्याला आपण सुगंध म्हणतो ते झाडाचे मलम आहे.

हा चीक दोन प्रकारचा. पाण्यात फुगतो किंवा विरघळतो तो डिंक. धावड्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो. कांडोळाचाही डिंक निघतो. कांडोळ म्हणजे ते पांढऱ्या खोडाचे झाड, ज्याला काही ठिकाणी भुत्या म्हणतात, कारण चांदण्यात ते उभ्या माणसासारखे दिसते. या डिंकांना फारसा वास नसतो. दुसरा प्रकार म्हणजे राळ. ती पाण्यात विरघळत नाही, तेलात किंवा स्पिरिटमध्ये विरघळते आणि निखाऱ्यावर टाकली की सुगंधी धूर देते. सालवृक्षाची राळ ही त्यातली सर्वांत जुनी ओळखीची. गुग्गुळ आणि सालई यांच्या चिकात डिंक आणि राळ दोन्ही मिसळलेले असतात.

आपल्याकडे 'ऊद' म्हणतात तो बहुतेक वेळा लोबान असतो आणि तो येतो सुमात्रा, लाओस अशा आग्नेय आशियातल्या मुलखातून. महाराष्ट्राचे स्वतःचे सुगंधी झाड म्हणजे सालई. सातपुडा, मेळघाट आणि विदर्भातल्या कोरड्या डोंगरांवर ती वाढते. पावसाळा संपला की खोडाची साल पातळ तासतात, तिथून चीक पाझरतो, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा खरवडून काढतात. टोपलीत ठेवून त्यातला पातळ भाग निथळू देतात, उरलेल्या घट्ट चिकाचे खडे फोडून वाळवतात. अरबस्तान आणि सोमालियातला जगप्रसिद्ध धूप ज्या झाडांचा, त्या झाडांची ही सख्खी बहीण. आमच्या मुरबाड-शहापूरच्या रानात उभे असणारे काकडाचे झाडही त्याच कुळातले.

ज्याचा खडा देव्हाऱ्यात जळतो ते झाड डोंगरात असते आणि ते तासणारा हात आदिवासीचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

बुद्धाने राळ कुठे ठेवली?

अथर्ववेदात गुग्गुळाचा उल्लेख आहे. त्याच्या वासाने रोग पळतात अशी तिथे समजूत आहे. म्हणजे धुराचा औषधी उपयोग लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता, पण त्याला मंत्राचे आवरण घातले गेले. रोग पळवायचा तर मंत्र हवा, मंत्र म्हणायला पुरोहित हवा, आणि पुरोहिताला दक्षिणा हवी.

बुद्धाने काय केले? विनयपिटकातल्या महावग्गात औषधांचा एक स्वतंत्र खंड आहे. आजारी भिक्खूंना कोणती औषधे चालतील याच्या त्यात याद्या आहेत. मुळ्यांची यादी आहे, पानांची आहे, फळांची आहे, क्षारांची आहे. त्यातच झाडांच्या चिकांची यादी आहे. हिंग आणि हिंगाचे प्रकार त्यात येतात आणि शेवटी 'सज्जुलस' म्हणजे राळ येते. त्या यादीत मंत्र नाही, देवता नाही. आजारी माणूस आहे आणि त्याच्यासाठी औषध आहे. राळ यज्ञकुंडाजवळून उचलून वैद्याच्या पेटीत ठेवणे, हे लहान काम नव्हते.

महापरिनिब्बान सुत्तातला प्रसंग आपल्याला माहीत आहे. कुसिनाऱ्याला दोन सालवृक्षांमध्ये तथागत अखेरचे पहुडले आहेत. फुलांचा आणि चंदनाच्या चूर्णाचा वर्षाव होतो आहे, असे ते सुत्त सांगते. त्यावर भगवान आनंदाला सांगतात की तथागताची खरी पूजा अशी होत नाही. जो धम्माप्रमाणे वागतो तोच तथागताची पूजा करतो. धम्मपदाच्या पुष्पवग्गातही हाच विचार आहे. फुलांचा आणि चंदनाचा वास वाऱ्याच्या उलट दिशेला जात नाही, शीलवंताचा जातो.

त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. बौद्ध परंपरेत धूप आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. श्रीलंका, ब्रह्मदेश, जपान, सगळीकडे तो लावला जातो. पण तो कोणाला प्रसन्न करण्यासाठी नाही. तो धूर वर जाऊन कोणा देवाच्या नाकात शिरत नाही. तो आपल्याला आठवण करून देण्यासाठी आहे. आठवण विसरली आणि नुसता धूर उरला, तर तो मुलगा विचारतो तेच खरे.

नाणेघाटाच्या पायथ्याशी

टोकावड्याहून माळशेजच्या रस्त्याने पुढे निघालो की वैशाखरे लागते आणि डावीउजवीकडे सह्याद्रीची भिंत उभी राहते. तिथूनच नाणेघाटाची जुनी वाट चढते. शनिवार-रविवारी ट्रेकिंगवाल्यांच्या गाड्या येतात, रांजणाजवळ फोटो काढतात आणि जातात. आमच्या तरुणांनी ही वाट एकदा इतिहास म्हणून चढावी.

सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून जुन्नर आणि पैठणकडे जाणारी ही मोठी व्यापारी वाट. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे समुद्रप्रवासाचे पुस्तक आहे. त्यात सोपारा आणि कल्याण ही नावे आहेत. पैठण आणि तेर इथून माल गाड्यांनी भरुच बंदराला जाई हेही त्यात आहे. भरुचहून बाहेर जाणाऱ्या मालात जटामांसी, कोष्ठ, सुती कापड, हस्तिदंत, पिंपळी यांच्याबरोबर गुग्गुळ आहे. आणि भरुचला परदेशातून येणाऱ्या मालात दारू, तांबे, कथील, पोवळे यांच्याबरोबर शिलारस म्हणजे दुसऱ्या एका झाडाची राळ आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका देशाची राळ दुसऱ्या देशात जात होती आणि तिकडची इकडे येत होती.

या व्यापारातला माणूस कोण होता? त्याचे नाव आपल्याला कोणत्याही पुराणात सापडणार नाही, लेण्यांच्या भिंतीवर सापडेल. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दरवाजाचे दान दिल्याचा शिलालेख आहे. घाटाच्या पलीकडे जुन्नरला दोनशेहून जास्त लेणी आहेत. तिथल्या लेखांत कासारांची श्रेणी आहे, धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे धम्मासाठी ठेव ठेवली जात होती, इतका तिच्यावर लोकांचा विश्वास होता. त्याच लेण्यांत यवन म्हणजे परदेशी दात्यांची नावेही आहेत.

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. बांबूचे काम करणारी बुरूड जात आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. ज्यांच्याकडे लोक विश्वासाने पैसे ठेवत, त्यांच्या हातचे काम पुढे हलके कसे ठरले? हे आपोआप झाले नाही.

नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्या यज्ञांची दक्षिणा यांची लांबलचक यादी आहे. हजारो गायी, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी. घाटातून जाणाऱ्या व्यापाराने सातवाहनांची तिजोरी भरत होती आणि त्या तिजोरीतून काय जात होते ते त्याच घाटाच्या भिंतीवर लिहिलेले आहे. पुढे याच घराण्यातल्या गौतमी बलश्रीने नाशिकला भिक्खुसंघाला लेणे दिले, हेही सत्य आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. एका बाजूला राजाचा यज्ञ, दुसऱ्या बाजूला कासार, बुरूड, गंधी, परदेशी यांचे दान. बाबासाहेबांनी प्राचीन भारतातल्या क्रांती आणि प्रतिक्रांतीबद्दल जे लिहिले, त्याचा एक पुरावा आमच्या तालुक्याच्या डोक्यावर कोरलेला आहे.

सुगंध त्यांचा, दुर्गंध आमचा

प्रतिक्रांतीने सुगंधाचे काय केले ते मनुस्मृतीच्या १०व्या अध्यायात दिसते. अडचणीच्या काळात ब्राह्मणाने व्यापार केला तर काय विकू नये याची तिथे यादी आहे. त्यात सर्व प्रकारची सुगंधी द्रव्ये आहेत, मध आहे, लाख आहे. लाख, मीठ आणि मांस विकले तर तो तत्काळ पतित होतो असे सांगितले आहे. म्हणजे धूप जाळणारा पवित्र, पण धूप विकणे कमीपणाचे. त्याच अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असे नियम आहेत. जंगलातून वस्तू आणायची त्याने, वापरायची दुसऱ्याने, आणि वापरताना आणणाऱ्याची सावलीही नको.

जातिव्यवस्था डोळ्यांनी जेवढी चालते तेवढीच नाकाने चालते, हे आपण फारसे बोलत नाही. गावातले मेलेले ढोर ओढायचे आमच्या आजोबा-पणजोबांनी, आणि वास येतो म्हणून दूर उभे करायचे त्यांनाच. घाण करणारा शुद्ध आणि घाण उचलणारा अशुद्ध. या व्यवस्थेत धूप म्हणजे नुसता सुवास राहत नाही, ती एक सीमारेषा होते. धुराच्या आतले पवित्र, धुराच्या बाहेरचे अपवित्र.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले. कशाने? गाईचे शेण, गोमूत्र, दही, दूध मिसळलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते! ज्यांचे नाक असे चालते त्यांच्या सुगंधाचे आम्ही काय करायचे? त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. आमच्या इतिहासातला सर्वांत स्वच्छ धूर तो.

१९२७ सालचा दुसरा कायदा

१९२७ म्हटले की आम्हाला महाड आठवते आणि ते आठवलेच पाहिजे. पण त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. भारतीय वन अधिनियम, १९२७ मंजूर झाला. आजही जंगलखात्याचा कारभार मुख्यतः याच कायद्यावर चालतो.

या कायद्याच्या दुसऱ्या कलमात 'वनोपज' म्हणजे काय याची व्याख्या आहे. लाकूड, कोळसा, रबर, कात, लाकडाचे तेल, राळ, नैसर्गिक रोगण, साल, लाख, मोहाची फुले, मोहाच्या बिया, हिरडा. या वस्तू जंगलात सापडोत किंवा बाहेर, जंगलातून आणलेल्या असोत किंवा नसोत, त्या वनोपजच. कायद्याचे शब्दच तसे आहेत. आता ही यादी मुरबाड-शहापूरच्या नजरेने वाचा. कात म्हणजे कातकरी. मोह आणि हिरडा म्हणजे ठाकर आणि महादेव कोळी. राळ आणि लाख म्हणजे सातपुड्यापासून विदर्भापर्यंतचे आदिवासी. एका ओळीत एवढ्या समाजांची चूल सरकारच्या ताब्यात गेली.

ही सुरुवात १९२७ची नव्हती. १८६५ आणि १८७८च्या वन कायद्यांनी जंगले राखीव आणि संरक्षित करून टाकली. ठाणे जिल्ह्यात त्याविरुद्ध इतका असंतोष माजला की १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांच्या जंगलविषयक तक्रारी तपासण्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याच्या आधीच, १८८३च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुल्यांनी जंगलखात्यावर आसूड ओढला होता. डोंगर, दऱ्या, गायराने सरकारने बळकावली आणि गरिबाच्या शेळीला चरायलाही जागा ठेवली नाही, हे त्यांचे म्हणणे. पुण्यात बसून फुल्यांना जे दिसले ते आजही आमच्या चळवळीतल्या अनेकांना जंगलाच्या कडेला राहून दिसत नाही.

कातकऱ्यांचे काय झाले ते पाहा. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून, आटवून कात करणारा तो कातकरी. त्याचे नावच त्याच्या कौशल्याचे आहे. खैर तोडणे गुन्हा झाला आणि कात करणारा माणूस कोळशाच्या भट्टीवर, मग वीटभट्टीवर गेला. उचल घ्यायची आणि आठ महिने कुटुंबासह राबायचे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ला आला, पण उचल संपली नाही. आज कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक म्हणून नोंदलेला आहे. कौशल्य गेले, नाव उरले.

आमच्या पूर्वजांचा हात ढोराच्या कातड्यात अडकवला आणि कातकऱ्याचा हात खैरावरून काढून घेतला. पद्धत वेगळी, पण दोघांच्या हातात काय उरले? म्हणून आम्ही म्हणतो की महाडचे तळे आणि टोकावड्याचे जंगल हे एकाच लढ्याचे दोन काठ आहेत. सार्वजनिक पाण्यावर हक्क आहे, तसा रानावरही आहे.

आजची राळ, आजचा बाजार

स्वातंत्र्यानंतर सालईचे काय झाले? मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ नेपानगर येथे वर्तमानपत्राच्या कागदाचा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या कागदासाठी बांबू आणि सालईचे लाकूड वापरले जाई. ज्या झाडाचा चीक वर्षानुवर्षे घेता येतो ते झाड लगदा करण्यासाठी तोडले गेले. देशाला कागद हवा होता, हे मान्य. पण चीक गोळा करणाऱ्याला विचारले कोणी?

आता सालई पुन्हा महाग झाली आहे, पण वेगळ्या रूपात. तिच्या राळेतल्या बॉसवेलिक आम्लांमुळे सूज कमी होते म्हणून गुडघेदुखीच्या गोळ्या निघाल्या आहेत. डब्यावर 'शल्लकी' किंवा 'बॉसवेलिया' लिहिलेले असते. गुग्गुळाचेही तसेच. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठातल्या एका संशोधिकेने जुन्या ग्रंथातल्या मेदरोगाच्या वर्णनावरून गुग्गुळाचा प्राण्यांवर अभ्यास केला आणि पुढे त्यावरून कोलेस्टेरॉलचे औषध बाजारात आले. मात्र २००३ साली अमेरिकेत माणसांवर झालेल्या चाचणीत गुग्गुळाने वाईट कोलेस्टेरॉल कमी झाल्याचे दिसले नाही, उलट थोडे वाढले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. 'आपल्या ग्रंथात सगळे आहे' असे म्हणणारेही चूक आणि 'जुने ते सगळे खोटे' असे म्हणणारेही चूक. तपासा आणि मग माना. कालाम सुत्त आपल्याला हेच शिकवते.

या औषधांच्या मागणीचा परिणाम झाडावर झाला. कच्छ आणि राजस्थानातला गुग्गुळ आज अति-संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. जास्त चीक मिळावा म्हणून खोल घाव घातले की झाड मरते. ज्याच्या मालकीचे रान असते तो असे करत नाही. ठेकेदाराच्या मजुराला मात्र उद्याची खात्री नसते, त्याला आजच्या वजनाचे पैसे मिळतात. म्हणून झाड वाचवायचे असेल तर आधी हक्क द्यावा लागेल.

आणि आपल्या विहारातली अगरबत्ती? तिच्यात राळ असेलच याची खात्री नाही. कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा, चिकटपणासाठी जिगट म्हणजे झाडाच्या सालीची पूड, आणि वरून रसायनात मिसळलेला कृत्रिम वास. वळणाऱ्या बहुतेक बायका, घरी बसून, हजाराच्या हिशेबाने. बांबूच्या काड्या बरीच वर्षे चीन आणि व्हिएतनामहून येत होत्या. २०१९ साली सरकारने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले आणि २०२० साली बांबूच्या काड्यांवरचे आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केले. जुन्नरच्या लेण्यात ज्यांची श्रेणी होती त्यांच्या देशात काडी बाहेरून आणावी लागली!

बंद खोलीत हा धूर फुप्फुसाला चांगला नाही, हेही लक्षात असू द्या. लहान मुले आणि दम्याचे आजारी असतील तिथे लावूच नका. आजींना आमचे एवढेच सांगणे आहे की मच्छरांसाठी मच्छरदाणी बरी.

धुरीचा भगत

धुराचा आणखी एक वापर आमच्या भागात आहे आणि त्यावर गप्प बसणे योग्य नाही. मुलगी फिट येऊन पडली, सून बोलेनाशी झाली, की भगताकडे नेतात. तो निखाऱ्यावर ऊद टाकतो, राळ टाकतो. कधी कधी मिरची टाकतो. आम्ही काम करताना अशी एक मुलगी पाहिली. डोळे सुजलेले, घसा बसलेला. तिला अपस्मार होता आणि पुढे सरकारी दवाखान्यातल्या साध्या गोळ्यांनी तिला बरे वाटले. घरचे वाईट नव्हते, घाबरलेले होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देणे हाही गुन्हा आहे. हे आपल्या वस्तीत आणि शेजारच्या कातकरवाडीत दोन्हीकडे सांगा. पण सांगताना भगताची टिंगल करू नका. त्याच्याकडे झाडपाल्याचे खरे ज्ञानही असते. बुद्धाने मंत्र बाजूला ठेवून औषध ठेवले, आपणही तेच करायचे आहे.

१९३० सालचा कागद

आता आम्ही ज्यासाठी हा सगळा प्रवास केला तो मुद्दा. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ आला. या कायद्याने ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणाऱ्या सगळ्या उपजावर, गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा मालकी हक्क दिला. डिंक, राळ, मध, हिरडा सगळे त्यात येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतःच्या हातात घेतले. आमच्या शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून थेट कंपन्यांना विकली आणि दलालाला बाजूला ठेवले. हे होऊ शकते.

पण याच कायद्यात एक अट आहे. आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जो आदिवासी नाही, त्याला त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे त्या भागातली वस्ती दाखवावी लागते. म्हणजे १९३० सालापासून. आमची बौद्ध कुटुंबे या दुसऱ्या गटात येतात.

१९३० साल! त्या वर्षी २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या माणसाला देवळाच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते, ज्याच्या मुलाला शाळेच्या पायरीवर बसवत, त्याच्या नावाचा कागद कोण करणार होते? तो कागद नाही म्हणून आमच्या लोकांचे दावे नामंजूर होतात आणि लोक नशिबाला दोष देत गप्प बसतात.

गप्प बसू नका. वनहक्क नियमांच्या १३व्या नियमात पुराव्यांची यादी आहे. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, मात्र तो दावेदाराचा स्वतःचा नको. वंशावळ चालते. जुनी विहीर, घराचे जोते, दफनभूमी चालते. जनगणना, गॅझेटियर, महसुली नोंदी चालतात. ७५ वर्षे नेमकी तीच जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागत नाही, वस्ती दाखवावी लागते. ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा.

आणि आमच्याकडे एक कागद आहे, ज्याकडे आपण रागाने पाठ फिरवली होती. महार वतनाच्या नोंदी. वतन ही गुलामगिरी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलमध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, आणि १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपली. पण त्या वतनाच्या नोंदी तहसील कचेरीच्या अभिलेखात राहिल्या. ज्या कागदाने आजोबांना गावाचा नोकर केले, तोच कागद सांगतो की आजोबा १९३०च्या आधीपासून या गावात होते. बेडीच्या लोखंडाची किल्ली करता येते. तरुणांनो, माहिती अधिकाराचा अर्ज करा, नकला काढा.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. वैयक्तिक दाव्यांच्या घाईत आदिवासी आणि बौद्ध एकमेकांच्या समोर उभे राहिले तर त्याचा फायदा तिसऱ्यालाच होईल. मुंबईजवळची ही जमीन आहे, फार्महाऊसवाले वाट पाहत आहेत. सामूहिक वनहक्क ग्रामसभेचा असतो आणि ग्रामसभेत प्रत्येक वस्ती असते. कातकरवाडीचा दावा भरताना आमचा पदवीधर मुलगा अर्ज लिहायला बसला पाहिजे, आणि आमच्या दाव्याला कातकरवाडीतल्या आजोबांनी जबाब दिला पाहिजे. त्यांनी आमचे पूर्वज पाहिले आहेत. आमचा साक्षीदार तोच आहे.

मग अगरबत्ती लावायची की नाही?

त्या मुलाला आम्ही पुढच्या पौर्णिमेला उत्तर दिले. लावायची असेल तर लाव, नसेल तर नको लावू. तिच्याशिवाय वंदना अपुरी राहत नाही. पण लावलीस तर तो धूर कुठल्या देवाला पोचतो याचा विचार करू नकोस, तो कोणाच्या हातातून आला याचा विचार कर. राळ हे झाडाने जखमेवर लावलेले मलम आहे. ज्यांच्या जखमेवर मलम लावायचे राहिले आहे ती माणसे तुझ्या विहारापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात.

तो म्हणाला, "दादा, मग आपण रविवारी तहसीलला... नाही, सोमवारी जाऊ. रविवारी बंद असतं."

सोमवारी आम्ही चौघे जण गेलो. पहिला अर्ज दाखल झाला आहे. तुमच्या गावचा कधी होणार?

जय भीम! नमो बुद्धाय!